वर जाण्याचा अर्ज

भाऊसाहेबांनी चार दिवस डोंगरात जायचं ठरवलं, तेव्हा बेत अगदी साधा होता. एका शांत गावात खोली घ्यायची, रोज सकाळी तिथून निघून एकेक डोंगर पायाखाली घालायचा आणि संध्याकाळी परत येऊन गरम पाण्यात पाय सोडून बसायचं. पण भाऊसाहेब हे जिल्ह्याच्या मोठ्या कचेरीत तपासणीच्या टेबलावर बसणारे गृहस्थ. आलेल्या अर्जाला जोडायला हवं ते सगळं जोडलंय की नाही हे पाहायचं आणि नसेल तर तो परत पाठवायचा, हे त्यांचं काम. बावीस वर्षांत त्यांच्या हातून एकही अपुरा अर्ज पुढे सरकलेला नव्हता. अशा माणसाला साधा बेत साधेपणानं पार पाडता येत नाही. रजेचा अर्जसुद्धा त्यांनी स्वतः लिहिला, स्वतः तपासला, त्यात स्वतःच एक त्रुटी काढून स्वतःला परत केला आणि दुसऱ्या दिवशी नव्यानं सादर केला.

बातमी इमारतीत पसरली आणि सल्ले यायला लागले. समोरचे होमिओपॅथ डॉक्टर म्हणाले, "चढताना नाकानं श्वास घ्यायचा आणि उतरताना तोंडानं. एवढं सांभाळलंत की झालं." वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर जिन्यातच थांबून म्हणाले, "नेमकं उलटं!" त्यावरून दोघांची अशी जुंपली, की डॉक्टर चढत गेले, इंजिनिअर उतरत गेले आणि शेवटी दोघांनाही धाप लागली. त्या दिवसापासून ते एकमेकांशी बोलत नाहीत. भाऊसाहेबांनी दोघांचंही ऐकायचं ठरवलं होतं. त्यामुळे श्वास कसा घ्यायचा, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात पन्नासाव्या वर्षी पहिल्यांदा निर्माण झाला.

मग बूट. डोंगरात घालायचे बूट म्हणे आधी मुरवावे लागतात. हे दुकानदारानं सांगितलं आणि भाऊसाहेबांनी ते आदेश म्हणून घेतलं. पंधरा दिवस ते घरात, कचेरीत, भाजी आणायला, सगळीकडे ते बूट घालून फिरत होते. एकेक बूट लहान मुलाच्या वजनाचा. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई चौथ्या दिवशी वर आल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "काय हो, रोज संध्याकाळी कपाट सरकवता का?"

"चालतोय," भाऊसाहेब मान ताठ करून म्हणाले.

"असं होय! चालू द्या," बाई म्हणाल्या आणि जाताना वहिनींकडे इतक्या सहानुभूतीनं पाहून गेल्या, की भाऊसाहेबांना जेवण गेलं नाही.

वहिनी म्हणजे भाऊसाहेबांच्या सौभाग्यवती. साऱ्या इमारतीच्या वहिनी, म्हणून आपल्याही. त्यांनी या मोहिमेत एकाच वाक्याची भर घातली होती. "तुम्ही चढा. मी तिथे नुसती बसणार आहे." तयारी म्हणून त्यांनी एक छत्री आणि घरातले जुने कॅनव्हासचे बूट घेतले. भाऊसाहेबांच्या पाठीवर मेहुण्याकडून मागून आणलेली सॅक होती. तिला सतरा पट्टे होते. सोळा कुठेतरी अडकले. सतरावा कशासाठी आहे हे कळेना, म्हणून वहिनींनी तो सुरीनं कापून टाकला. बाकीचे सोळा त्याच्याच जिवावर होते, हे बस स्टँडवर कळलं.

आठ तासांनी बस गावात पोचली. गाव कागदावर भाऊसाहेबांच्याच जिल्ह्यात होतं, पण जिल्ह्याच्या अगदी कडेला, चिमटीत धरल्यासारखं. रस्ता तिथेच संपत होता. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि अशी शांतता पडली, की भाऊसाहेबांना कानात दडे बसल्यासारखं वाटलं. त्यांनी दोनदा जांभई देऊन पाहिली. तरी शांतताच.

घरमालकीणबाईंचं घर दगडी होतं. वरच्या मजल्यावर पाहुण्यांसाठी एक खोली होती आणि तिच्या खिडकीत अख्खं शिखर मावलं होतं. त्या शिखराला गावात नाव नव्हतं. लोक हात करायचे आणि म्हणायचे, "वर."

"वर जायचंय ना साहेबांना?" बाईंनी पाण्याचा तांब्या ठेवत विचारलं. "मग उद्या सकाळी चौकीवर जाऊन वनरक्षकाला सांगून या. तो असतो नाहीतर नसतो."

सकाळी दोघं चौकीवर गेली. वनरक्षक होता. चौकी म्हणजे एक खोली, एक टेबल आणि टेबलाच्या लंगड्या पायाखाली घडी करून सारलेलं एक परिपत्रक. वनरक्षकानं रजिस्टर पुढे केलं. वहिनींनी आपलं नाव लिहिलं, कारणाच्या रकान्यात 'फिरायला' असं लिहिलं आणि त्या बाहेर उन्हात जाऊन उभ्या राहिल्या.

भाऊसाहेबांनी रजिस्टर मागेपुढे चाळलं आणि विचारलं, "फॉर्म नाही का?"

"आहे," वनरक्षक जरा गोंधळून म्हणाला. "पण तो कोणी भरत नाही साहेब."

"आम्ही भरतो."

कपाटाच्या तळातून फॉर्म निघाला. पाऊण तास भाऊसाहेब तो भरत होते. 'वर जाण्याचे कारण', 'वर जाण्याची तारीख', 'परत येणार असल्यास कधी'. बाहेरून वहिनींनी डोकावून वाचलं आणि म्हणाल्या, "अहो, भलतंच काय लिहिताय!" भाऊसाहेबांनी लक्ष दिलं नाही. त्यांनी दोन फोटो चिकटवले, ओळखपत्राची झेरॉक्स जोडली, होमिओपॅथ डॉक्टरांचा तब्येतीचा दाखला जोडला, टाचणी मारली आणि कागदांच्या कडा टेबलावर ठोकून सरळ केल्या.

वनरक्षकानं तो गठ्ठा दोन्ही हातांनी घेतला. "साहेब, नोकरीला अठरा वर्षं झाली. असा अर्ज बघितला नव्हता."

भाऊसाहेब किंचित हसले. "मग आम्ही निघतो."

"तुम्ही नाही निघू शकत," वनरक्षक वाईट वाटून म्हणाला. "ताई निघू शकतात. त्याचं काय आहे, फॉर्म नसला तर मी माझ्या अधिकारात रजिस्टरवर सोडतो. पण पूर्ण भरलेला, सगळं जोडलेला फॉर्म आला, की तो खाली मोठ्या साहेबांकडे मंजुरीला पाठवावा लागतो. नियम आहे. आजवर वेळच आली नव्हती. दोनतीन दिवसांत येईल."

दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, फाडा तो फॉर्म. पण सादर केलेला अर्ज फाडायचा, हे भाऊसाहेबांच्या कल्पनेतसुद्धा बसत नव्हतं. ते म्हणाले, "पोच द्या."

तेवढ्यात घरमालकीणबाई गवत आणायला डोंगराकडे निघाल्या होत्या. त्या वहिनींना म्हणाल्या, "ताई, इथे उभ्या राहून काय करता? या माझ्याबरोबर." आणि वहिनी गेल्या. छत्री झुलवत, मागे वळून एकदा हात करून, वळणावरून दिसेनाशाही झाल्या. नुसती बसणार म्हणून आलेली बाई डोंगराकडे गेली आणि मुरवलेले बूट चौकीच्या पायरीवर राहिले.

वनरक्षकानं चहा केला. मग बराच वेळ कप पुसत उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, एक विचारू? माझ्या बदलीचा अर्ज तीनदा परत आलाय. तुमचा हात चांगला आहे. जरा बघता का?"

भाऊसाहेबांनी बघितला. एका नजरेत पाच चुका दिसल्या. अक्षर सुंदर असून विषयच लिहिलेला नव्हता! त्यांनी चुकचुकत कोरा कागद मागितला. आपल्या आयुष्यात ज्याला आपण सुट्टी म्हणतो ती नेमकी कुठल्या क्षणी संपते हे सांगणं कठीण असतं. भाऊसाहेबांची मात्र अकरा वाजून दहा मिनिटांनी संपली.

संध्याकाळी वहिनी परत आल्या तेव्हा त्यांच्या केसांत गवत होतं आणि घोट्यावर ओरखडे. "अहो, मागे एक तळं आहे! इतकं निळं, की खोटं वाटावं. तुम्ही काय केलंत?"

"काम होतं," भाऊसाहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दात घासत खाली आले तर घरासमोर सात माणसं बसली होती. प्रत्येकाच्या हातात पिशवी, पिशवीत कागद. चहावाल्याला वीज हवी होती. एका आजींना त्या जिवंत असल्याचा दाखला हवा होता. त्या स्वतः दाखवायला आल्या होत्या, पण तेवढ्यानं भागत नव्हतं. शाळेचे गुरुजी छपरासाठी आले होते. वर पुन्हा म्हणाले, "माझं शुद्धलेखन चांगलं आहे, पण भाषा सरकारी होत नाही." भाऊसाहेबांनी सांगून पाहिलं, की आपण सुट्टीवर आहोत. सातही जणांनी समजूतदारपणे माना हलवल्या आणि कोणीही उठलं नाही.

घरमालकीणबाईंनी ओसरीवर टेबल आणून मांडलं. भाऊसाहेब दोन मिनिटांपुरते म्हणून बसले. पहिला अर्ज नाइलाजानं लिहिला, दुसरा सवयीनं, आणि तिसऱ्यापासून, खरं सांगायचं तर, त्यांना मजा यायला लागली. कचेरीत त्यांच्या टेबलापाशी येणारा माणूस पडेल चेहऱ्यानं यायचा आणि त्याहून पडेल चेहऱ्यानं जायचा. इथे लोक जाताना हसत होते. दुपारी त्यांनी 'जेवणाची सुट्टी' जाहीर केली. तीननंतर खालच्या गावातूनही माणसं यायला लागली तेव्हा त्यांनी नंबर लावले. नंबरांवरून भांडणं झाली. कोणी कोणाचा नंबर खाल्ला यावरून चहावाला आणि गुरुजी एकमेकांच्या अंगावर धावून गेले. संध्याकाळी पलीकडच्या घरातले आजोबा काठी टेकत आले आणि घरमालकीणबाईंना म्हणाले, "पाहुणे किती दिवस आहेत? नाही, गाव जरा शांत होतं म्हणून विचारलं."

वहिनी त्या दिवशी दोन डोंगर करून आल्या.

"दोन?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"एक चढलो, तर पलीकडे दुसरा दिसला. म्हटलं एवढं आलोच आहोत तर."

"श्वास कसा घेतलास?"

"म्हणजे?" वहिनी म्हणाल्या.

भाऊसाहेब त्या संध्याकाळी खिडकीशी बसून शिखराकडे पाहत राहिले. त्यांना वाईट वाटत होतं आणि कशाचं वाटतंय ते नीट सांगता येत नव्हतं. परत गेल्यावर डॉक्टर विचारणार, इंजिनिअर विचारणार. शिक्षिकाबाई तर जिन्यातच गाठणार. काय सांगायचं? बायको वर गेली आणि मी लिहीत बसलो?

शेवटच्या दिवशी सकाळी ते थेट चौकीवर गेले. मंजुरी आलेली नव्हती. वनरक्षकानं रजिस्टर पुढे सरकवलं. भाऊसाहेब कितीतरी वेळ पेन धरून उभे होते. मग त्यांनी कारणाच्या रकान्यात 'फिरायला' असा एकच शब्द लिहिला आणि आपण काहीतरी चोरलंय अशा चेहऱ्यानं बाहेर पडले. ओसरीवर नऊ माणसं थांबलेली होती. त्यांच्या नजरेस पडू नये म्हणून ते वहिनींना घेऊन मागच्या कुंपणावरून गेले. सॅक कुंपणात अडकली, तेव्हा वहिनींनी ती उरलेल्या पट्ट्यांसकट तिथेच सोडून दिली.

चढ सुरू झाला. वहिनी पुढे, भाऊसाहेब मागे. वहिनी दर वळणावर थांबायच्या, भाऊसाहेब पोचले की लगेच निघायच्या. त्यामुळे विश्रांती फक्त त्यांनाच मिळत होती. नाकानं की तोंडानं हा प्रश्न केव्हाच मागे पडला होता. मिळेल त्या वाटेनं हवा आत येत होती. दोन तासांनी एका सपाटीवर पाचसहा घरांची वस्ती लागली. तिथून शिखर इतकं जवळ दिसत होतं, की भाऊसाहेबांच्या अंगावर काटा आला. वस्तीपुढे एक ओढा, ओढ्यापलीकडे शेवटचा चढ, की झालंच.

ओढ्याच्या काठी एका दगडावर एक म्हातारा बसला होता. मांडीवर पत्र्याची पेटी.

"अर्जवाले साहेब तुम्हीच ना?" त्यानं विचारलं. "कालपासून बसलोय. म्हटलं, वर जायला आलेला माणूस इथूनच जाणार."

"आजोबा, मी सुट्टीवर आहे हो," भाऊसाहेब जवळजवळ रडकुंडीला येऊन म्हणाले.

"अहो, दोन मिनिटं," वहिनी म्हणाल्या.

पेटी उघडली. ओढ्यावर साकव हवा होता. साकव म्हणजे माणसापुरता लहानसा लाकडी पूल, यापेक्षा काही नाही. जुना वाहून गेला त्याला नऊ वर्षं झाली. पाणी वाढलं, की वस्ती तुटायची. शाळा, दवाखाना, सगळं ओढा ओलांडून डोंगराच्या त्या अंगाला जवळ पडणाऱ्या गावात. म्हाताऱ्यानं सहा वेळा अर्ज केला होता आणि सहाही वेळा तो परत आला होता. सहा अर्ज, प्रत्येकावर एक चिठ्ठी. पहिली, 'नकाशा जोडलेला नाही.' दुसरी, 'नकाशावर ओढ्याची रुंदी नमूद नाही.' तिसरी, 'रुंदी कोणी मोजली ते नमूद नाही.' चौथी, पाचवी, सहावी. प्रत्येक चिठ्ठीवर एकच त्रुटी. एका वेळी एकच त्रुटी दाखवावी, म्हणजे अर्जदार गोंधळत नाही, ही पद्धत कचेरीत कोणी सुरू केली होती, ते भाऊसाहेबांना पक्कं माहीत होतं. चिठ्ठीखालची सहीही माहीत होती.

ती वहिनींनाही माहीत होती. मुलीच्या प्रगतिपुस्तकांवर बारा वर्षं त्यांनी तीच पाहिली होती. त्यांनी चिठ्ठी वाचली, नवऱ्याकडे पाहिलं आणि छत्री मिटली.

"दर वेळी दोन दिवस जायला, दोन दिवस यायला," म्हातारा सांगत होता. "पोस्टानं हरवतो म्हणून मी स्वतः जायचो. खिडकीत देऊन यायचो. हा जो कोण सही करतो ना, त्याला एकदा इथे आणून उभा केला पाहिजे."

भाऊसाहेबांना शिखर दिसत होतं. ओढा ओलांडायचा, की अर्धा तास. म्हातारा त्यांना ओळखत नव्हता. काही बोलायची गरजच नव्हती. दोन ओळी लिहून देऊन मोकळं होता आलं असतं.

"उभा आहे," ते म्हणाले.

"आँ?"

"मीच तो. सही माझी आहे."

म्हातारा त्यांच्याकडे, मग सहीकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे पाहत राहिला. "तुम्ही?" तो म्हणाला. "मला वाटायचं, कोणी फार म्हातारा माणूस असेल. सही अशी कापरी आहे." इतक्या वर्षांत आपल्या सहीला कोणी कापरी म्हटलं नव्हतं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी भाऊसाहेबांना ते फार लागलं असतं. आज ते फक्त म्हणाले, "दोरी आहे का तुमच्याकडे?"

म्हाताऱ्यानं घरातून दोरी आणली. एक टोक त्यानं काठावर धरलं, दुसरं भाऊसाहेबांनी कमरेला बांधलं आणि ते रुंदी मोजायला पाण्यात उतरले. वहिनी म्हणाल्या, "बूट काढा." भाऊसाहेब म्हणाले, "हे खास घसरू नये म्हणून बनवलेत." आणि तिसऱ्या पावलाला ते घसरले. शेवाळलेल्या दगडावरून ते आधी बसते झाले, मग आडवे झाले, मग दिसेनासे झाले. म्हाताऱ्यानं दोरी ताणून धरली, वहिनींनी काठावरून छत्रीची मूठ पुढे केली, आणि त्या आधारानं उभे राहून भाऊसाहेब दम खात, शिंकत, एक बूट पायात आणि एक ओढ्याच्या स्वाधीन करून, पलीकडच्या काठाला लागले.

"दोरीला गाठ मारा!" ते तिथूनच ओरडले. "माप घेतलंय!"

परत यायला पुन्हा तोच ओढा. पुन्हा तसंच. दुसऱ्या खेपेला मात्र पाणी कुठे किती खोल आहे, हे त्यांना नीट समजलं.

वस्तीतल्या बायकांनी शेकोटी केली. भाऊसाहेब कोणाचं तरी घोंगडं पांघरून दगडावर बसले आणि त्यांनी नकाशा काढला. रुंदी लिहिली. खोलीच्या रकान्यात 'मध्यभागी गळ्यापर्यंत' असं लिहून ते खोडलं आणि मापात लिहिलं. 'मोजमाप कोणी घेतले' इथे स्वतःचं नाव आणि हुद्दा लिहिला. अर्जदाराची सही, तारीख, सोबत जोडलेल्या कागदांची यादी. मग दुसरी प्रत काढायला घेतली.

"आणखी एक कशाला?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"तीन लागतात. ते तुम्हाला सातव्या खेपेला कळवलं असतं."

वहिनींनी आकाशाकडे पाहिलं. परतायची वेळ व्हायला अजून दोन तास होते. "तुम्हाला हे संपवायला वेळ लागेल. मी जाऊन येऊ?"

भाऊसाहेबांनी शिखराकडे पाहिलं, पायातल्या एकुलत्या एका बुटाकडे पाहिलं आणि मान हलवली. वहिनी वस्तीतल्या एका बाईच्या मागून, ओढ्याच्या वरच्या अंगानं, कुठल्याशा दगडांवरून टुणटुण उड्या मारत पलीकडे गेल्या. पाऊलसुद्धा ओलं झालं नाही. ते दगड उन्हाळ्यातले. पाणी वाढलं की दिसत नाहीत, असं म्हाताऱ्यानं सांगितलं. आधी का नाही सांगितलं, असं विचारल्यावर तो म्हणाला, "तुम्ही रुंदी मोजायची म्हणालात. ओलांडायचं कुठे म्हणालात?"

तिसरी प्रत पूर्ण झाली तेव्हा चढावर छत्रीचा लहानसा काळा ठिपका हलताना दिसत होता. भाऊसाहेबांनी तिन्ही प्रतींना टाचणी मारली, कडा सरळ केल्या आणि कागद उराशी धरून बसले. हे कागद आता ते स्वतः नेणार होते.

"आता तरी परत यायचा नाही ना?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"माझ्या टेबलावरून नाही यायचा."

"आणि पुढे?"

भाऊसाहेबांनी खोटं बोलायचं टाळलं. "पुढे आणखी चार टेबलं आहेत आजोबा. चार माणसं. सगळे माझ्यासारखेच."

म्हाताऱ्यानं ओढ्याकडे पाहिलं. मग ओली दोरी हातावर व्यवस्थित गुंडाळली आणि दगडावर उन्हात वाळत ठेवली.

"आणा एकेकाला," तो म्हणाला. "दोरी इथेच आहे."